आजचा भाव

खल्फाननं ते आणलं टॉवेलात गुंडाळून,
गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेलं.
"शोगले," म्हणाला
(च त्याच्या जिभेला जमत नाही,
रुवीत मी एकोणतीस वर्षं शोगलेच आहे)
"हा बोलत नाही."

सख्र. म्हणजे खडक, त्यानंच सांगितलं.
सत्त्याऐंशी सालचा कॉम्प्युटर,
प्रत्येक बटणावर दोन लिप्या शेजारी शेजारी,
अंग मिश्री लावणाऱ्याच्या दातासारखं पिवळं.
पाच स्क्रू उघडे, सहावा वॉरंटीच्या स्टिकरखाली.
त्या स्टिकरला अजून कुणी हात लावला नव्हता.
मी जरा थांबलो. मग नख घातलं.

आत मैद्याइतकी बारीक वाळू,
एक वाळलेलं झुरळ,
आणि पंचवीस बैशांचं नाणं,
कुणा पोरानं कार्ट्रिजच्या फटीत टाकलेलं,
गल्ला समजून.

पॉवर सप्लायचे दोन कपॅसिटर पोट फुगून गळलेले.
सोल्डरिंगचं टोक टेकवलं
आणि धुरातून मासळीचा वास आला.
येतो. या धंद्यातल्या कुणालाही विचारा,
गळका कपॅसिटर तापला की असाच वास मारतो.
पण माझी मान दर वेळी वर होते,
हर्णैच्या पुळणीवर आई पाटी उपडी करायची तशी
कुणी मागे करतंय की काय म्हणून.
खल्फाननंही नाक वर केलं.
तो मत्रहच्या मासळीबाजारात लिलावाचा कारकून होता.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग व्हिनेगर, जुना टूथब्रश,
खाल्लेल्या ट्रॅकवर केसाएवढी तार.
खालच्या सलूनमधल्या रफीकुलकडून
केस भुरे करायचं क्रीम आणलं,
रिकाम्या कवचाला फासलं, वर प्लास्टिक गुंडाळलं
आणि ऑगस्टच्या गच्चीवर नेऊन ठेवलं.
ज्या उन्हानं पिवळं केलं
त्यालाच म्हटलं, आता तूच धू.
दर तासाला जाऊन फिरवत होतो,
पापड उलटावेत तसा.
संध्याकाळी डावी बाजू थोडी पट्टेरी राहिली.
राहू दे म्हणाला खल्फान, माझीही दाढी तशीच आहे.

कॅसेट त्याच्या खिशात होती. सगळा वेळ.
टेपचा पट्टा वितळून डांबर झालेला,
तो खरवडण्यातच दुपार गेली.
हेडचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे,
किर्र आवाज धारदार होईपर्यंत.
चार मिनिटं नुसती रातकिड्यांची किरकिर.
आणि निळ्या पडद्यावर, उजवीकडून डावीकडे,
एक ओळ चालत आली.

मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकलेलं अरबी लावत बसलो.
त्यानं न बघता वाचलं:
"सुरमई. आजचा भाव, बैशांत?"
त्याचाच प्रोग्रॅम. तेविसाव्या वर्षी लिहिलेला,
रात्रपाळीत, पुस्तकात बघून बघून.

एका बोटानं त्यानं टाकलं: तीन हजार चारशे.
मशीन गप्प. मग: आकडा तपासा.
पुन्हा टाकलं. आकडा तपासा.
तीन घरंच ठेवली होती मी, तो म्हणाला,
हजार बैशांची सुरमई घेणारा वेडा
तेव्हा सुचलाच नाही मला.
आणि असा हसला की शेजारचा शाजी
चहाचा ग्लास घेऊन बघायला आला.

मग तो जुने भाव टाकत बसला.
सहाशे वीस. पाचशे ऐंशी.
वादळानंतरच्या सोमवारी नऊशे दहा.
मशीन एकेक मान्य करत गेलं.
अस्रची बांग झाली, मी अर्धं शटर ओढलं,
त्याला उठ म्हणवेना.

मजुरी आठ रियाल झाली. मशीननं तीही घेतली नसती.
दुसऱ्या दिवशी त्यानं अख्खी सुरमई पाठवली,
बर्फात, डोक्यासकट.

ते नाणं द्यायचं मात्र राहून गेलं.
ड्रॉवरमध्ये आहे, बारक्या स्क्रूंच्या डबीत.
राहून गेलं म्हणजे,
असो.