लाभ

पहाटे साडेपाचला वाचनालयाच्या गच्चीवर
डोईजोडे बाई सांगतात :
श्वास मोजा. एक ते दहा.
चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून.
रागवायचं नाही. स्वतःवर तर नाहीच.

बाकीच्यांच्या रंगीत चटया.
मी गोणपाट आणतो घडी घालून,
त्याला अजून तुरीचा वास आहे.

बाई, मी चाळीस वर्षं मोजलंय.
उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होतो.
करडी, तूर, पिवळी ज्वारी.
आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, लाभ, लाभ,
दुसरी पायली भरेपर्यंत तोंडात तेच,
मग दोन, दोन, दोन.
जीभ थांबली की आकडा पळाला.

तर मी गुपचूप तसंच मोजतो.
आत येतो तो लाभ.
बाहेर जातानाही लाभच.
दोन. तीन.
चारला आठवतं, मोटारीचं बटन बंद केलं का.
पाचला नातवाची फी.
मग कुठला आकडा, कुणास ठाऊक,
पुन्हा लाभ.

बाई म्हणतात, मन पळालं हे कळणं
हेच ध्यान.
म्हणजे चुकणाऱ्यालाच जास्त लाभ?
मला हसू येतं.
शेजारचे निवृत्त तलाठी एक डोळा उघडून बघतात.

पण सातच्या पुढं गेलो की
रास दिसते.
संक्रांतीनंतरची तूर, देवणीकडचा माणूस,
डोक्याला मळका रुमाल.
सदतीस, सदतीस म्हणत होतो,
मागून कुणीतरी हाक मारली,
काय करूलालाव अप्पा, चहा घेऊलालाव का?
मी मान वळवली.
एवढंच.

तो म्हणाला सदतीस.
अडत्या म्हणाला छत्तीस.
दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.
रास पुन्हा मोजता आली असती.
ऊन चढलं होतं, मागं गाड्यांची रांग होती,
आणि पगार अडत्याकडून होता.

छत्तीस, म्हणालो मी.

त्यानं वाद घातला नाही.
रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

आता मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आहे.
लाल आकडे थरथरतात, मग थांबतात.
गोणी ठेवली की हात काढून घ्यायचा,
टेकून राहिलात तर वजन चुकतं.
ध्यान तसंच असावं बहुतेक :
हात काढून घ्यायचा.
माझा निघत नाही.

किल्ल्याकडून उजाडायला लागतं.
बाई म्हणतात, शेवटचे दहा.
कंबर दुखते. पाठ सरळ करतो.
श्वास आत घेतो,
जीभ आपोआप हलते.

लाभ.

कुणाचा,
असं कुणीतरी विचारतं
आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.