टचिंग

दारव्ह्याच्या बसस्टँडमागे, आटाचक्कीच्या वर माझा स्टुडिओ.
खाली ज्वारी दळायची, वर लेन्सवर पीठ बसायचं.
पडदा अमरावतीच्या पेंटरनं रंगवलेला:
तळं, दोन हंस, कुठेच न पोचणारा जिना.
त्यापुढे नवरा बसायचा, बायको उभी,
आणि रात्री मी पेन्सिलीला टोक काढून
निगेटिव्हवरचे देवीचे व्रण भरायचो,
एकेक खळगा.
माणसं फोटो पाहून म्हणायची, होय, हा मीच.

चौऱ्याहत्तर सालापासून वेगळी गिऱ्हाइकं आली.
बाजाराच्या दिवशी नाही. दिवेलागणीनंतर.

इंदू राऊत, सासरहून कायमची परतलेली,
केस स्वतःच कापलेले, डावीकडे जरा जास्तच.
बिडी पेटवून बसली. म्हणाली, धूर आला पाहिजे.
धूर यायला माझ्या तीन फिल्मा गेल्या.

दंडारीत बाई होणारा मारोती टेकाम
हंगाम नसताना लुगडं नेसून आला.
“कोनासाठी काढतं रे?”
“माह्यासाठी.”
त्याला मात्र हंस हवे होते. दोन्ही.

आणि उत्तम तागडे.
खांद्यापर्यंत केस, बेलबॉटमला सायकलच्या चेनचं वंगण,
कॅरिअरवर सायक्लोस्टाइल कवितांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला.
“काढून टाक थो पडदा.”
मागे भिंत होती. पोपडे, एक खिळा,
जुन्या कॅलेंडरएवढा चौकोन पांढरा राहिलेला.
“हां. आता काढ.”

डाव्या भुवईत खोक होती.
सवयीनं म्हटलं, बुजवून देतो, पैसे नको.
तो हसला नाही.
“गावच्या विहिरीवरची हाय थे. राहू दे.”
राहू दिली.
पहिल्यांदाच एक चेहरा मी होता तसा धुतला
आणि काउंटरच्या काचेखाली लावला, हौसेनं.

पुढच्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर,
जमादार आला. सोबत साध्या कपड्यातला एकजण.
काचेवर बोट ठेवलं. याच्या कॉप्या.
निगेटिव्ह हरवलं म्हणता आलं असतं.
उंदरांनी खाल्लं. पाणी लागलं. काहीही.
मी विचारलं, साइज कोणता?

साध्या कपड्यातल्यानं ओली प्रत उजेडात धरली.
“खूण काय स्वच्छ आली आहे,” म्हणाला,
“काम चांगलं आहे तुमचं.”
पावतीपुस्तकात नोंद आहे:
पोस्टकार्ड, तीन नग, साडेसात रुपये.
त्यांनी पैसे दिले, हेही सांगायला हवं.
दिले, आणि मी मोजून घेतले.

चक्की बंद पडून वर्षं झाली.
काल उत्तमची भाची आली, मामाचा फोटो आहे का विचारत.
तुरुंगात गेला, जंगलात गेला,
की नुसताच कुठल्या शहरात मिसळून गेला,
घरात तीन जणं तीन गोष्टी सांगतात.

डब्यातलं निगेटिव्ह बल्बसमोर धरलं.
चेहरा काळा. केस पांढरेशुभ्र, खांद्यापर्यंत,
जणू हा म्हातारा झाला,
इथेच, माझ्या खणात, कुणाला न सांगता.
भुवईच्या पांढऱ्या रेघेत एक काळी खाच.

“हा डाग हाय का? काढता येते?”
पेन्सिलीला अजून टोक आहे.
मी तिला विहिरीचं सांगितलं.
पावतीपुस्तक त्याच खणात होतं,
निगेटिव्ह परत ठेवताना
बोटांना लागलं.