तिरकी नजर

उद्यमबागेत मंगळवारी वीज नसते.
म्हणून सोमवारी रात्री
एम-एटीच्या कॅरिअरला पाइप बांधून
आम्ही येळ्ळूरच्या गडाखाली येतो,
मी, आणि मोल्डिंगमधला मल्लेशी हुद्दार.

पाइपच्या तळाला सहा इंची आरसा.
मीच घासलाय.
दोन उन्हाळे, पिंपाभोवती फिरत,
देवळाला फेऱ्या घालाव्यात तसा.
बायको म्हणाली, एवढ्यात
चार पायली पीठ तरी निघालं असतं.

टेकवायला मैलाचा दगड बरा पडतो.
त्याच्या अक्षरांवर कुणीतरी कधीचं डांबर फासलंय,
दोन्ही बाजूंनी.

बेळगाव पाठीमागं ठेवायचं,
त्याचा पिवळा उजेड मानेवर घ्यायचा.
समोर मसूर काढून मोकळी झालेली शिवारं,
त्यांच्यावर मित्र आणि मित्रक, जोडीनं,
आणि वीतभर वर, जरा उजवीकडं
चष्म्याला बोट लागावं
तसला एक डाग.

'कापूस दिसतोय गा नुसता.'
'थेट बघू नको. बाजूला बघ.
त्याला डोळ्याच्या कोपऱ्यात ठेव.'

मल्लेशी वाकलेलाच राहिला.
कुठंतरी टिटवी ओरडून गेली.
मग तो म्हणाला, 'अब्बा.'
एवढंच, त्याच्या घरातलं.
ते मला माझ्या घरातल्यासारखं कळलं.

'रस ओतताना ठिणग्या उडतात बघ,
त्या तिथंच थांबल्यात.'
आणि थोड्या वेळानं,
'हे संपतंय कुठं?'

मध्ये तर सुई शिरायला जागा नाही.
कडेला विरळ,
आणखी कडेला आणखी विरळ.
शेवटचा तारा आतला की बाहेरचा,
मला सांगता येईना.
सतरा हजार वर्षांपूर्वी निघालेला उजेड
म्हणे हा.
तेव्हा या गडाला
कोण काय म्हणत असेल?
बहुतेक काहीच नाही.

आमच्या पाइपला मोटर नाही.
पृथ्वी फिरते, गुच्छ निसटतो,
बोटानं हळूच ढकलायचा पाइप
की पुन्हा येतो.
मल्लेशी ढकलत राहिला
बारा वाजून गेले तरी.
डबा तसाच. भाकरी वातड झाली.

बुधवारी पहिल्या पाळीत
तो साच्यावर वाळू चाळत होता.
मी हाक मारली, त्यानं ऐकली नाही.
चाळणी हलत होती
आणि तो बघत होता
वाळूच्या
किंचित बाजूला.