एका वेळी एकच बोल्ट

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा होतो,
त्यामुळं आवाजावरनं कळतं मला
दुखणं कुठं आहे ते.
ह्याचं पंख्याच्या बुशात आहे.
चालू केलं की आधी कण्हतो, मग खरखरतो,
मग कुणीतरी समजूत घातल्यागत गप्प होतो,
आणि पडद्यावर ते गोल फिरत राहतं.
फिरू दे. मी तोवर दाढी करून येतो.

रणधीर फोनवर म्हणतो, बाबा, भंगारात घाला,
नवा घेऊन देतो.
मालन म्हणते, बचत गटाचा ताळेबंद
आज सहाच्या आत चढवायचा आहे,
अकरा बायकांच्या सह्या आहेत त्यावर,
तुमचं काय ते लवकर बघा.

जमाल मिस्त्रींनी पहिल्या दिवशी सांगितलेलं:
एका वेळी एकच बोल्ट ढिला कर.
दोन केलेस, तर बरं कशानं झालं
ते तुला म्हातारपणी पण कळणार नाही.

म्हणून आधी डबा उघडला.
आत धुळीची गादी, पंधरा वर्षं अंथरलेली,
पालीच्या अंड्याची टरफलं,
आणि गुलाल. कुठल्या मिरवणुकीतनं
खिडकीवाटे आला, कोण जाणे.
मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात
मालनच्या खोडरबरानं घासले.
पंख्याला शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.
खरखर गेली.
गोल मात्र फिरतंच होतं.

मग मशीन उठताना
त्याच्याबरोबर कोण कोण उठतं, ती यादी काढली.
बावीस जण!
एकाला बोलवावं आणि अख्खी तालीम जेवायला यावी, तसं.
एकेकाला नाव विचारून घरी पाठवलं.
एकच ठेवलं.
रणधीर हॉस्टेलात होता तेव्हा
त्याच्याशी बोलायला घातलेलं.
कंपनीनंच ते कधीचं बंद केलंय,
तरी रोज सकाळी उठतं, त्याला शोधतं,
जोडणी होत नाही म्हणून सांगतं
आणि कोपऱ्यात बसून राहतं.
चाळीस सेकंद खातं.
खाऊ दे.

राहिलं नेट.
कंपनीचा पोरगा म्हणतो, काका,
मोडेम बंद करून चालू करा.
ते तर मी झोपेतही करतो आता.
तीन दिवस वहीत वेळ लिहिली:
पाच पाच. पाच सात. पाच चार.
बिघाड इतका वक्तशीर असला
की तो मशीनचा नसतो, शेजाऱ्याचा असतो.
पलीकडच्या शेडमध्ये प्रेस सुरू झाला
की माझ्या लेथवर रेघ उठायची, तसा.

वायरच्या मागं मागं गेलो.
खिडकीतनं बाहेर, पत्र्यावरनं, जिन्याच्या कडेनं,
थेट बंडा गवळ्याच्या गोठ्यात.
खांबावर जोड, जोडाला काळी टेप,
टेपेला केस.
धारेच्या आधी म्हैस मान खाजवते. त्याच खांबावर.
मन लावून, डोळे मिटून.
गंगावेशीत पेला धरून उभी असलेली माणसं
आणि आमचं नेट,
दोन्ही तिच्या मर्जीवर.

बंडा म्हणाला, आप्पा, आता म्हशीला काय सांगू?
म्हटलं, काही सांगू नको.
शिडी दे.

जोड चार हात वर नेला,
सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून आवळला.
पाच अडतीसला ताळेबंद चढायला लागला.
एकोणनव्वद टक्क्यांवर थांबला.
मालननं माझ्याकडं असं बघितलं
की जणू मीच मान खाजवतोय.
मी हात वर केले, दोन्ही.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

चढला.

खाली गोठ्यात खांब हलत होता.
वायर नाही म्हटल्यावर
ती आता दोन्ही बाजूंनी खाजवत होती.