चमच्यांच्या खणात

बातुमीत पाऊस विचारून येत नाही.
तरी ओतिया रोज संध्याकाळी
झिगुलीचे दोन्ही वायपर काढायचा,
वर्तमानपत्रात गुंडाळून घरात आणायचा.
त्या काळी ते रातोरात नाहीसे व्हायचे.

लामारा करवादायची: पुन्हा माझ्या चमच्यांत!
तो रबराच्या कडेवरून अंगठा फिरवत बसायचा
डोळे मिटून.
चीर लागली की सायकलच्या ट्यूबची पट्टी,
आकडा सैल झाला की तार,
आणि काचेवर चोळायला अर्धा बटाटा,
उरलेला रश्श्यात.

पुढे वायपर कोणी चोरेना.
तो काढतच राहिला.

या मार्चमध्ये नातू आला, गाडी विकायची म्हणून.
निघाला तेव्हा कोरडं होतं.
बंदराच्या वळणावर आभाळ फुटलं,
त्यानं खटका दाबला
आणि दोन उघडे दांडे
काच खरवडत गेले,
इकडून तिकडे, अर्धा गोल.

भिजून परत आला.
लामारानं खण ओढला, चमचे सारले,
पुडी त्याच्या हातात दिली.
डावा जरा अडतो, म्हणाली, दाबून बसव.

मग दारातून, मोठ्यानं:
आणि रात्री काढून आण!