कानाडोळा

किल्ली माझ्या तळहातापेक्षा लांब.
एनिड लारवूड ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते
आणि देताना दर वेळी तेच सांगते:
दार आधी स्वतःकडे ओढ, मग ढकल,
वेक्सथॉर्पच्या माणसांसारखंच आहे ते.

आत वटवाघळांच्या लेंड्या, ओल्या चुन्याचा वास.
रविवारी सातजण येतात, आठवा आला तर मागे वळून बघतात.
आणि मधोमध, वेदी आणि माणसांच्या मध्ये,
तो लाकडी पडदा:
वर कोरीव जाळी, खाली बारा फळ्या,
फळीवर एकेक संत. पाठीमागे रंग
तांबडा, हिरवा, तांबडा, हिरवा,
झग्यांवर कथलाची फुलं,
सोन्याची हौस कथलावर भागवलेली.

झग्यांना कुणी हात लावलेला नाही.
चेहरे तेवढे खरवडलेत,
आधी आडवे, मग उभे,
शिंप्याने शिवण उसवावी इतक्या नेटाने.

मी थुंकीने पुसते.
ऐकून पाहुणे तोंड वाकडं करतात,
पण पाचशे वर्षांची मेणबत्त्यांची काजळी
लाळेइतकी दुसऱ्या कशाला वश होत नाही.
कापसाचा बोळा जिभेवर टेकवायचा,
फळीवर फिरवायचा, काळा झाला की टाकायचा.
चहात साखर नाही. लसूण नाही.
एका संताचा अंगठा म्हणजे
माझं एका दिवसाचं थुंकणं.

गावाच्या जमाखर्चाच्या वहीत एक ओळ आहे:
हॅमंड कॉब, सुतार, यास
चित्रांची तोंडं काढण्याबद्दल
दीड दिवसाची मजुरी, आणि बिअर.
कारण लिहिलेलं नाही.
राजा बदलला, प्रार्थना बदलली, वरून हुकूम आला,
वहीला फक्त खर्च कळतो.

त्या हॅमंडवर मी महिनाभर दात धरून होते.

मग नववी फळी आली.
अपोलोनिया.
हिचे दात उपटले होते, म्हणून
ज्याची दाढ ठणके तो हिच्यापुढे गुडघे टेके.
हातात पक्कड, पकडीत दाढ,
दाढ तरी केवढी, घोड्याची वाटावी!
आणि चेहरा शाबूत.
गाल, भुवया, किंचित तिरळा डावा डोळा
(चितारी घाईत असेल,
किंवा त्याची बायको तशी बघत असेल).

मी पुन्हा पहिल्या फळीपाशी गेले, दिवा तिरपा धरून.
पहिल्या चार चेहऱ्यांवर हात ठाम आहे.
सहाव्यावर ढिला.
आठव्यावर हत्यार डोळ्यावरून घसरून
थेट कानापर्यंत गेलंय,
रंगाखालचं ओकचं लाकूड उघडं.
मग नववीवर काहीच नाही.
दहा, अकरा, बारा भराभर उरकलेत,
अंधार पडायच्या आत.

बावीस डोळे काढणाऱ्या माणसाने
दोन डोळ्यांकडे कानाडोळा केला.
त्याचा जबडा सुजला होता की नाही
हे मी अहवालात लिहू शकत नाही.
नवव्या फळीच्या चौकटीवर मात्र
गुडघे टेकलेल्या माणसाच्या गालाच्या उंचीवर
एक तुकतुकीत काळसर डाग आहे.
मेण नव्हे. तेलही नव्हे.
एकाचा नसेल तो, कितीतरी गालांचा असेल.
मी लिहिलं: डाग, कारण अज्ञात.
पुसला नाही.

काल पाचला एनिड कुलूप लावायला आली,
गालाला रुमाल बांधून.
तालुक्याच्या गावचा दंतवैद्य नवे रोगी घेत नाही,
यादी दोन वर्षांची आहे, ती म्हणाली,
आणि माझ्या दाढेला तेवढा वेळ नाही.
हसली, मग हसणं दुखलं.
तुझं चालू दे, मी बसते जरा.

बाकं सगळी रिकामी होती.
ती येऊन बसली नवव्या फळीसमोर,
खाली, दगडावर, एका हाताने चौकट धरून.

चौकटीला हात लावू नये, अशी पाटी
मीच लिहून टांगली आहे.
मी नवा बोळा जिभेवर ठेवला
आणि तिसऱ्या संताच्या बुटांकडे
बराच वेळ बघत राहिले.