बरगे

कुंभीवरच्या आमच्या बंधाऱ्याला एकोणीस गाळे.
गाळा म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा,
आणि गाळ म्हणजे
ती वेळेत मोकळी न केल्याची शिक्षा.

हे खात्याच्या पुस्तकात नव्हतं.
मे संपताना गुंडू सुताराच्या मागे फिरत
मी ते शिकलो.
बरगा उपसण्याआधी तो आकडा अडकवून
जरा हलवून बघायचा,
"ह्यो येतोय," म्हणायचा, नाहीतर, "फुगलाय,"
दातांच्या डॉक्टरसारखा.

एका साली लागणी पाण्यावाचून उभ्या होत्या.
सोसायटीत ठराव झाला: आठ दिवस बरगे राहू देत.
चेअरमननं चहा पाजला. मी सही केली.
गुंडूनं आकडा धुतला, पुसला,
खुंटीला लावला. बोलला नाही.

पाचव्या रात्री घाटाकडून लाल पाणी उतरलं.
कुणाच्या नाचणीच्या वाफ्यातली माती,
म्हशींच्या वाटेवरची,
एका शाळेच्या अंगणातली, खडूच्या तुकड्यासकट,
एवढं चालून आली
आणि दार बंद बघून
आमच्या उंबऱ्यातच बसली.

पुढच्या उन्हाळ्यात पोकलेन आलं.
तासाचे वेगळे, डिझेलचे वेगळे.
अकरा दिवस नदीचं पोट उकरलं,
गाळाचा ढीग काठावर लावला,
आणि जुलैच्या पुरात तो ढीग
न बोलावता परत आत उतरला.
त्या बिलावरही सही माझीच.

तेव्हा गुंडू बोलला:
"साहेब, गाळ काढायचा नसतोय.
त्यो आपल्याकडं मुक्कामाला आलेलाच नसतोय.
त्येला फकस्त जाऊ द्यायचं असतंय."

आता दसरा उलटलाय.
गुंडूचे गुडघे गेले, तो घरी आहे.
त्याची सून शेवंता आकडा घेऊन आलीय,
आणि त्याचा जर्मनचा तांब्या.
तांब्या नदीत बुडवायचा, कट्ट्यावर ठेवायचा,
एक बिडी संपेपर्यंत थांबायचं,
मग आत बघायचं.
तळ दिसला, तरच बरगे घालायचे.

शेवंता बिडी ओढत नाही.
ती अंक मोजते, ओठांतल्या ओठांत.
मी वाकून बघतो.
तांबूस. अजून तांबूस.

खिशात फोन वाजतोय, चेअरमनचा.
शेवंता पुन्हा एकपासून सुरू करते.